दाजींचा पाच चॅनलचा अ‍ॅम्प घेऊ का?

पत्र

सप्रेम नमस्कार. बैठकीच्या खोलीत होम थिएटर बसवून दोन वर्षं झाली. पाच स्पीकर, एक सबवूफर (खालच्या जाड सुरांचा स्पीकर) आणि सात चॅनलचा एव्ही रिसीव्हर, ज्याच्या पोटातच स्पीकर वाजवणारा अ‍ॅम्प असतो. जाहिरातीत तो दर चॅनलला १६५ वॅटचा आहे. पुढचे दोन टॉवर ४ ओमचे, सेन्सिटिव्हिटी ८६. मधला सेंटर ८ ओमचा, सेन्सिटिव्हिटी ८९. आम्ही बसतो तिथून पुढचे स्पीकर ३ मीटरवर आहेत. आवाजाचा आकडा एरवी उणे १२ वर असतो, पाहुणे आले की उणे ८ वर जातो.

साधे सिनेमे छान चालतात. पण लांबलचक मारामारी जरा जोरात लावली की वीस-पंचवीस मिनिटांत रिसीव्हर टक्‌ करून बंद पडतो आणि लाल दिवा लुकलुकायला लागतो. तो टीव्हीखालच्या कपाटात, काचेच्या दारामागे असतो. दार उघडून वर हात ठेवला तर ठेववत नाही.

माझे दाजी या छंदात मुरलेले. ते म्हणतात, "रिसीव्हरमधला अ‍ॅम्प म्हणजे खेळणं, सेपरेट्स घे." त्यांचा पंधरा वर्षं जुना पाच चॅनलचा अ‍ॅम्प ते मला घरच्या भावात द्यायला तयार आहेत. मित्र म्हणतो, स्टेजवरचा दोन चॅनलचा अ‍ॅम्प स्वस्त आणि दणकट पडेल. शिवाय हल्ली तळहाताएवढे क्लास-डी डबे मिळतात, त्यांच्यावर ३०० अधिक ३०० वॅट लिहिलेलं असतं. खिशाला मर्यादा आहे. रिसीव्हरच्या मागे 'प्री-आउट' लिहिलेली जॅकची रांग आहे. काय घेऊ? आणि दाजींना नाही म्हणायचं झालं तर कसं म्हणू?

— तापलेल्या रिसीव्हरचा मालक

उत्तर

मालक, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. काचेचं दार. त्याकडे येतोच. आधी दाजींच्या 'खेळण्या'बद्दल बोलू, कारण सगळा गोंधळ वॅटच्या आकड्यापासून सुरू होतो.

जाहिरातीतला १६५ हा आकडा खोटा नसतो, फक्त सोयीचा असतो. रिसीव्हरच्या माहितीपुस्तिकेचं शेवटचं पान काढा. तिथे बहुधा दोन ओळी सापडतील. एकीत मोठा आकडा असतो आणि शेजारी बारीक अक्षरांत '६ ओम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल'. म्हणजे बाकी सगळ्या चॅनलांना झोपवून, एकालाच एकच सूर वाजवायला लावून, आवाज फाटेपर्यंत ताणून काढलेला आकडा. दुसरी ओळ अशी असते: '८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के, दोन चॅनल'. तिथला आकडा तुमच्या जातीच्या रिसीव्हरमध्ये साधारण ८० च्या घरात असतो. खरा तोच धरा. वॅटची ही फुगवाफुगवी जुनीच आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली त्यासाठी नियम करावा लागला होता. पण तो काळ दोन चॅनलांचा होता. सात चॅनल आले आणि पळवाटाही आल्या.

आता तुम्हाला किती लागतात ते बघू. पाढे म्हणता येत असतील तर एवढं गणित जमतं.

तुमच्या टॉवरची सेन्सिटिव्हिटी ८६, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की १ मीटरवर ८६ डेसिबल. ओम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते; २.८३ व्होल्ट ८ ओमला दिले तर १ वॅट होतो, ४ ओमला दिले तर २ वॅट. म्हणजे तुमचा स्पीकर त्याच ८६ साठी दुप्पट वीज खातो, आणि वॅटच्या हिशेबात खरा ८३ चा आहे. ४ ओमचे स्पीकर कागदावर चलाख दिसतात ते यामुळे.

सिनेमाच्या जगात 'रेफरन्स' नावाची आवाजाची एक पातळी ठरलेली आहे. त्यात प्रत्येक मुख्य चॅनलचा आवाज सरासरी ८५ डेसिबल आणि सर्वोच्च क्षण १०५ डेसिबल. तुमच्या रिसीव्हरने माइक लावून खोलीचं कॅलिब्रेशन केलेलं असेल, तर पडद्यावरचा ० म्हणजे हा रेफरन्स. उणे ८ म्हणजे सर्वोच्च क्षण ९७. उघड्या मैदानात ३ मीटरवर साडेनऊ डेसिबल गळतात, पण खोलीतल्या भिंती त्यातले काही परत देतात, तेव्हा गळती ६ धरू. म्हणजे स्पीकरपासून १ मीटरवर १०३ हवेत. ८६ वरून १०३ ला जायचं तर १७ डेसिबल चढ, म्हणजे व्होल्टेज सातपट. २.८३ गुणिले ७ म्हणजे २० व्होल्ट. ४ ओमला २० व्होल्ट दिले की ५ अँपिअर करंट आणि १०० वॅट.

आणि हे पाहुण्यांसमोरच्या आवाजातले, एखाद्या सेकंदाचे, छत कोसळतानाचे १०० वॅट. एरवी उणे १२ वर दोन माणसं पडद्यावर बोलत असतात तेव्हा तुमचा स्पीकर अर्धा वॅटसुद्धा खात नाही.

आता गंमत बघा. ८ ओमला ८० वॅट देणारा रिसीव्हर २५ व्होल्ट काढतो. तुम्हाला २० हवेत. व्होल्टेज पुरतंय! पुरत नाही तो करंट, आणि पुरत नाही ती हवा. ८ ओमच्या स्पीकरला २० व्होल्टवर अडीच अँपिअर लागले असते, तुमच्या टॉवरना पाच लागतात, आणि दोन टॉवर आहेत. त्यातून ४ ओम ही तर सरासरी झाली. खालच्या सुरांत बरेच स्पीकर ३ ओमपर्यंत उतरतात. हे सगळं एका लहानशा ट्रान्सफॉर्मरच्या आणि सातजणांत वाटून घेतलेल्या एका हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) जिवावर, काचेच्या दारामागे. तुमचा रिसीव्हर बंद पडतो तो दुबळा म्हणून नाही, शहाणा म्हणून. बंद पडला नसता तर जळला असता.

म्हणून अ‍ॅम्प घ्यायच्या आधी, एक पैसा न खर्चता, चार गोष्टी करा.

रिसीव्हर कपाटाबाहेर काढा. ते शक्य नसेल तर निदान दार उघडं ठेवा, कपाटाची मागची फळी कापा आणि रिसीव्हरच्या डोक्यावर वीतभर जागा मोकळी सोडा. त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला असेल तर तोही उतरवा. (असतोच. मी आजवर पाहिलेल्या दहापैकी आठ घरांत असतो.)

मग मेनूमध्ये जाऊन पुढचे टॉवर 'लार्ज' आहेत की 'स्मॉल' ते बघा. टॉवर उंचीने छातीपर्यंत आले म्हणून आपण अभिमानाने लार्ज ठेवतो. ते स्मॉल करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. ८० च्या खालचं सगळं ओझं सबवूफरकडे जातं, आणि सबवूफरला त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प असतो. स्फोट, गडगडाट, रणगाडे, सगळ्यात जास्त वीज खाणारा हा माल तुमच्या रिसीव्हरच्या डोक्यावरून उतरतो. बाहेरचा अ‍ॅम्प जोडून जेवढा आराम मिळेल त्यातला बराचसा या एका बटणाने मिळतो. दाजींना हे सांगू नका, त्यांना टॉवर स्मॉल केलेले बघवणार नाहीत.

तिसरं, ओमचा स्विच. काही रिसीव्हरमध्ये '४ ओम' किंवा '६ ओम' असा पर्याय असतो. नावावरून वाटतं की तो ४ ओमच्या स्पीकरसाठी अ‍ॅम्पला बळ देतो. उलट आहे. बहुतेकांत तो आतला व्होल्टेज कमी करतो, म्हणजे तापणं कमी आणि ताकदही कमी. कंपनी तुमच्या जोडणीसाठी तो लावायला सांगत असेल तर तुम्ही त्यांचं ऐका, पण आवाज सुधारायचा म्हणून त्याला हात लावू नका.

चौथी गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः तिच्यापायी एक रविवार घालवला आहे. एका मित्राचा रिसीव्हर असाच बंद पडायचा. तोही नव्या अ‍ॅम्पच्या शोधात होता. मी तासभर मेनू उलटेपालटे केले, कॅलिब्रेशन दोनदा केलं, ओमचं गणित कागदावर मांडलं. शेवटी कंटाळून टॉर्च घेऊन रिसीव्हरच्या मागे डोकं घातलं. उजव्या स्पीकरच्या काळ्या टर्मिनलमध्ये वायर घातली होती, आणि पीळ नीट न बसल्यामुळे तांब्याची एकच तार, केसाएवढी, बाहेर सुटून शेजारच्या लाल टर्मिनलच्या पितळेला टेकत होती. सगळ्या वेळी नाही. सबवूफर जोरात हलला, कपाट थरथरलं की टेकायची. मी ती कात्रीने कापली. त्यानंतर त्या रिसीव्हरने बंद पडणं सोडून दिलं. तेव्हा वीज बंद करा, प्रत्येक टर्मिनलची वायर काढा, टोक नव्याने सोला, बोटांनी घट्ट पीळ द्या आणि परत बसवा. बनाना प्लग लावलेत तर आणखी बरं.

हे करून दोन आठवडे बघा. मला वाटतं बंद पडणं थांबेल. पण समजा थांबलं नाही, किंवा थांबलं तरी रिसीव्हर तव्यासारखा तापतोच आहे, तर अ‍ॅम्प घेण्यात चूक नाही. मात्र घेण्याआधी एक मोजमाप करा. साधा मल्टीमीटर पुरतो.

घरात सगळ्यात मोठ्या आवाजात जो प्रसंग तुम्ही बघता तो लावा आणि आवाज तुमच्या जिवाला झेपेल तितका वाढवा. आता व्हॉल्यूमला हात नाही लावायचा. रिसीव्हर बंद करून डाव्या टॉवरची वायर काढून ठेवा. रिसीव्हर पुन्हा चालू करा आणि पेन ड्राइव्हवरून २०० हर्ट्झच्या आसपासचा सलग सूर वाजवा, उणे १२ डेसिबलवर रेकॉर्ड केलेला. असे चाचणी-सूर फुकट मिळतात, कॉम्प्युटरवर बनवताही येतात. ध्वनीचे सगळे जादूचे मोड बंद, साधं स्टीरिओ. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून लाल-काळ्या टर्मिनलवर लावा. उणे १२ डेसिबल म्हणजे पूर्ण पातळीच्या पाव. म्हणून जो आकडा येईल त्याची चौपट करा. तेवढे व्होल्ट तुमच्या खोलीला, तुमच्या कानांना, तुमच्या सिनेमाला लागतात. माझं वरचं गणित बरोबर असेल तर मीटर ५ च्या आसपास दाखवेल. तीनच दाखवला तर तुमची गरज १२ व्होल्ट, म्हणजे ४ ओमला ३६ वॅट, आणि मग मित्र, दाजी, जाहिरात सगळ्यांना रामराम करायला तुम्ही मोकळे.

आता अ‍ॅम्पकडे येऊ. आधी 'सेपरेट्स' या शब्दाचा दरारा उतरवतो. त्याचा पूर्ण अर्थ असा की प्रोसेसर (सिनेमाचा आवाज उलगडणारा भाग) वेगळा आणि पॉवर अ‍ॅम्प वेगळा. बेताच्या बजेटमध्ये वेगळा प्रोसेसर घेऊ नका. प्रोसेसर थोडे बनतात, महाग पडतात, आणि लवकर म्हातारे होतात. डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१४ साली घरात आला, एचडीएमआय २.१ चं तपशीलपत्रक २०१७ साली निघालं, आणि दर वेळी चांगले धडधाकट प्रोसेसर अडगळीत गेले. पॉवर अ‍ॅम्पला यातलं काही ठाऊक नसतं. व्होल्ट आत, जास्त व्होल्ट बाहेर. तो वीस वर्षं टिकतो. तुमच्या रिसीव्हरला प्री-आउट (आतल्या अ‍ॅम्पच्या आधीचा सिग्नल बाहेर देणारे जॅक) आहेत म्हणजे तुमच्याकडे प्रोसेसर आधीच आहे. त्यालाच प्रोसेसर समजा. (ज्या वाचकांच्या रिसीव्हरला फक्त सबवूफरचा प्री-आउट आहे त्यांनी पुढचं वाचून हळहळू नये. त्यांनी पुढच्या वेळी रिसीव्हर घेताना मागची बाजू आधी बघावी.)

मग किती चॅनलचा घ्यावा? माझं मत विचाराल तर तुम्हाला दोनच पुरेत. तुमचे दुखरे दात दोन, ते म्हणजे ४ ओमचे टॉवर. तेवढे बाहेरच्या अ‍ॅम्पवर टाका. सेंटर ८ ओमचा आणि ८९ चा आहे, रिसीव्हर त्याला हसत हसत वाजवेल. मागच्या स्पीकरांना सिनेमात फार काम नसतं. दोन टॉवर उतरले की रिसीव्हरचा तोच ट्रान्सफॉर्मर उरलेल्या तिघांसाठी प्रशस्त होतो. सेंटरही अवघड असता तर मी तीन चॅनलचा म्हणालो असतो. सात चॅनलचा कधीच नाही.

"पण पुढच्या तिघांचे अ‍ॅम्प वेगळे झाले तर आवाज बेसूर होईल," असं दाजी म्हणतील. नाही होणार. अ‍ॅम्पचा आवाज हा प्रकार, अ‍ॅम्प त्याच्या मर्यादेत चालत असेल तर, जवळजवळ नसतोच. १९८७ साली अमेरिकेतल्या 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने स्वस्त आणि अतिमहाग अ‍ॅम्प कोणता चालू आहे हे न सांगता लोकांना ऐकवले. अ‍ॅम्पा-अ‍ॅम्पांत फरक असतो असं छातीठोक सांगणारे त्यात होते. त्यांनाही ओळखता आले नाहीत. फरक पडतो तो पातळीचा. बाहेरच्या अ‍ॅम्पचा गेन (आलेला सिग्नल तो किती पट वाढवतो ते) रिसीव्हरपेक्षा वेगळा असतो, म्हणून तो जोडल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करायचं. हे विसरलात तर टॉवर सेंटरपेक्षा मोठे वाजतील, संवाद दबतील, आणि खापर बिचाऱ्या अ‍ॅम्पवर फुटेल.

गेनचा विषय निघालाच आहे तर तो समजून घ्या, कारण स्वस्त अ‍ॅम्प निवडताना वॅटपेक्षा इथे जास्त लोक फसतात. रिसीव्हरचे प्री-आउट साधारण १ ते २ व्होल्टपर्यंत स्वच्छ असतात. घरगुती अ‍ॅम्पचा गेन बहुधा २६ ते २९ डेसिबल असतो. २९ डेसिबल म्हणजे २८ पट. १ व्होल्ट आत गेला की २८ व्होल्ट बाहेर. तुम्हाला २० हवेत, म्हणजे पाऊण व्होल्टात काम झालं. स्टेजच्या काही अ‍ॅम्पना पूर्ण ताकदीसाठी १.४ व्होल्ट किंवा त्याहून जास्त लागतात. तेवढे आपल्याला काढायचेच नसतात, म्हणून घाबरायचं कारण नाही, पण माहितीपत्रकात गेन शोधा. २० डेसिबलच्या आसपास दिसला तर रिसीव्हरला घाम फुटेल. आणि फार जास्त दिसला तर शांत प्रसंगात स्पीकरमधून सू-सू ऐकू येईल.

मित्राचा स्टेजवरचा अ‍ॅम्प. त्याच्या बाजूने बरंच बोलता येतं. मोजक्या पैशांत भरपूर वॅट, ४ ओम त्याला किरकोळ, आणि आपटला तरी चालतो. मी असा एक वर्षभर वापरला. पाहुणे असताना उत्तम. मग एका रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर, मी एक संथ सिनेमा लावला. पडद्यावर बर्फ पडत होतं, कोणी बोलत नव्हतं, आणि माझ्या कपाटातून पंखा गुरगुरत होता, घुर्रर्र, अखंड. त्या रात्रीनंतर मला दुसरं काही ऐकूच येईना. काही मॉडेलांचा पंखा गरज पडली तरच फिरतो, तसा असेल तर विचार करा. आणखी एक, त्याला एक्सएलआर (स्टेजवरचा तीन पिनांचा) इनपुट असेल तर आरसीए-ते-एक्सएलआर वायर लागेल. 'ब्रिज' नावाचं बटण दिसेल, त्याने वॅट दुप्पट-चौपट होतात असं लिहिलेलंही दिसेल. ४ ओमच्या स्पीकरला ते लावू नका. ब्रिज केल्यावर अ‍ॅम्पच्या प्रत्येक अर्ध्याला २ ओम दिसतात.

तळहाताएवढे क्लास-डी डबे. यातला 'डी' डिजिटलचा नाही, ए, बी, सी नंतरचं अक्षर एवढंच. हे अ‍ॅम्प कमी तापतात, आत गेलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास स्पीकरपर्यंत पोचवतात, आणि आता आवाजालाही खरोखर चांगले झालेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३२५५ या चिपवर बनलेले बरेच आहेत. मला हा मार्ग तुमच्यासाठी आवडतो. पण डब्यावरचा आकडा वाचायचा नाही, विजेच्या विटेवरचा वाचायचा. त्याच्यासोबत जो काळा अ‍ॅडॉप्टर येतो तो उलटा करा. समजा लिहिलंय ३२ व्होल्ट, ५ अँपिअर. गुणाकार १६०. दोन्ही चॅनल मिळून भिंतीतून येणार १६० वॅट, आणि डब्यावर ६००! आतले वीज साठवणारे कपॅसिटर क्षणभर उसनं देतील, पण विहिरीतच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. शिवाय हा अ‍ॅम्प पुरवठ्याच्या व्होल्टेजपेक्षा उंच लाट काढू शकत नाही. ३२ व्होल्टची लाट म्हणजे मल्टीमीटरच्या भाषेत २२ व्होल्ट. तुमची गरज २०. अगदी काठावर. म्हणून ४८ व्होल्टची वीट असलेला घ्या, आणि अँपिअर जितके जास्त मिळतील तितके बघा. एक सावधगिरी, या डब्यांत स्पीकरची काळी तारही 'जिवंत' असते. दोन्ही स्पीकरांच्या काळ्या तारा एकमेकींना जोडायच्या नाहीत, सबवूफरच्या स्पीकर-इनपुटला तर त्यातून काही न्यायचंच नाही.

या डब्यांपेक्षा थोडं वर बघायची ऐपत असेल तर हायपेक्स कंपनीच्या मॉड्यूलवर बनलेले दोन चॅनलचे अ‍ॅम्प आहेत, किंवा इमोटिव्हासारख्या कंपन्यांचे साधे क्लास-एबी (जुन्या, जास्त तापणाऱ्या पद्धतीचे). दोन्ही तुमच्या टॉवरना आयुष्यभर पुरतील. २०० वॅटचा घ्यावा की ३०० चा, यावर झोप घालवू नका. वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबल वाढतो, म्हणजे 'अगं, जरा मोठा केलास का?' एवढाच.

जोडणी सोपी आहे. रिसीव्हरच्या पुढच्या डाव्या-उजव्या प्री-आउटमधून दोन आरसीए वायरी अ‍ॅम्पला, अ‍ॅम्पमधून वायरी टॉवरना. काही नव्या रिसीव्हरमध्ये त्या दोन चॅनलांचे आतले अ‍ॅम्प बंद करायची सोय असते, असेल तर वापरा. १२ व्होल्टचा ट्रिगर (एक चालू झालं की दुसऱ्याला चालू करणारा जॅक) दोन्हीकडे असेल तर ती वायर जोडा, म्हणजे दोन रिमोट शोधावे लागणार नाहीत. नसेल तर सवय लावून घ्या: चालू करताना रिसीव्हर आधी, अ‍ॅम्प शेवटी. बंद करताना अ‍ॅम्प आधी. उलटं केलंत तर स्पीकरमधून 'धप्प' येईल.

जोडल्यावर गुणगुण आली तर दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर लावा. तरी राहिली तर सेट-टॉप बॉक्समागची केबलची गोल पिन क्षणभर काढून बघा, गुणगुण गेली तर चोर सापडला, केबलच्या वायरीत आयसोलेटर बसवा. अर्थिंगची पिन मात्र कोणी कितीही सांगितलं तरी तोडायची नाही. गुणगुण जाते, आणि एखाद्या दिवशी माणूसही जातो.

आता दाजी.

त्यांचा अ‍ॅम्प वाईट असेल असं मी म्हणत नाही. पाच चॅनलांतले दोन वापरले, तीन रिकामे ठेवले, तरी अ‍ॅम्पचं काही बिघडत नाही. तेव्हा 'नाही' म्हणू नका, "दाजी, आधी एका शनिवारी उसना द्या" म्हणा. आणल्यावर स्पीकर लगेच लावू नका. अ‍ॅम्प चालू करा, दहा मिनिटं थांबा, मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक चॅनलच्या टर्मिनलवर लावा. ५० च्या आत असेल तर ठीक. शंभर-दोनशे दिसले तर तो चॅनल तुमच्या टॉवरला लावायचा नाही. पंधरा वर्षांत आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकायला लागतात, म्हणून नंतर स्पीकरला कान लावून काही न वाजवता घूं ऐकू येतं का बघा, आणि झाकणाच्या जाळीतून टॉर्च टाकून एखाद्या कपॅसिटरचं डोकं फुगलंय का तेही. हे सगळं दाजींच्या देखत करा. त्यांना आवडेल, छंदातला माणूस आहे.

सगळं ठीक निघालं आणि भाव खरोखर घरचा असेल, तर बाकी सगळं विसरून तो घेऊन टाका. आणायला मात्र दोघं जा. त्या काळच्या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर बऱ्याचदा पुढच्या पट्टीला चिकटून असतो. मागून उचलायला गेलात तर हलका वाटतो, आणि जिन्यावर वळताना सगळं वजन पुढच्या माणसाच्या बोटांवर येतं. पुढे दाजींना राहू द्या, त्यांना त्याची सवय आहे.